थंड हवेचा मीटर

संगणक केंद्रात मी अठरा वर्षं नोकरी केली आणि संगणकाचं एकही बटण कधी दाबलं नाही. हे सांगितलं की नातवंडांचे चेहरे उतरतात, कारण ‘आमचे आजोबा कॉम्प्युटरमध्ये होते’ असं ती शाळेत आधीच सांगून आलेली असतात. होतो ना, कॉम्प्युटरमध्येच होतो. पण माझं काम दोनच गोष्टींचं. यंत्राला वीज पुरवायची आणि त्याच्या अंगातली उष्णता बाहेर काढायची. प्रोग्रॅम लिहिणारे हुशार लोक त्याच्याशी बोलायचे, मी त्याला जेवू घालायचो आणि वारा घालायचो.

त्याआधीची सहा वर्षं मी खापरखेड्याला काढली. तिथे कोळसा जाळून वीज बनते. म्हणजे आधी मी वीज बनवणाऱ्यांत होतो, मग ती खाणाऱ्यांत आलो. दोन्ही पंगती पाहिल्यामुळे मला एक खोड लागली, ती अजून सुटलेली नाही. कुठलंही यंत्र दिसलं की ते काय करतं यापेक्षा किती खातं, हे मला आधी पाहावंसं वाटतं. मेव्हण्याच्या लग्नात आहेरातला मिक्सर उचलून मी त्याच्या बुडाची पत्र्याची पट्टी वाचत बसलो होतो. बायकोनं चार पाहुण्यांदेखत तो माझ्या हातातून काढून घेतला आणि त्यावर ती अजूनही बोलते.

आमचं मोठं यंत्र सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नागपुरात आलं. कोणत्या खात्याचं केंद्र, ते सांगत नाही. त्या खात्यातली माणसं अजून पेन्शन घेतात आणि दिवाळी अंकही वाचतात. शाळांच्या परीक्षांचे निकाल, मातीच्या तपासणीची पत्रकं, कसल्या कसल्या याद्या असं काम त्यावर चालायचं. नुसता प्रोसेसर, म्हणजे त्याचा आकडेमोड करणारा भाग, एका लोखंडी कपाटाएवढा होता. बाजूला तशीच आणखी चार कपाटं. खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढायच्या, कारण यंत्राला धूळ चालायची नाही. रामटेककडचे एक शेतकरी मातीचा अहवाल न्यायला आले होते, त्यांनी काचेतून आत पाहिलं, चपला काढल्या, टोपी काढली आणि हात जोडले. आम्ही हसलो नाही. आमच्या डायरेक्टर साहेबांनीही पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

आता बाहेरच्या माणसाला समजेल असं माझं काम सांगतो. यंत्रात जेवढी वीज जाते तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर येते. आकडे कागदावर छापले जातात, वीज काही कागदाबरोबर जात नाही. ती तिथेच खोलीत गरम हवा होऊन राहते. ही गरम हवा काढली नाही तर वीस मिनिटांत यंत्र चुका करू लागतं आणि अर्ध्या तासात बंद पडतं. म्हणून मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये थंड हवेचा एक प्लांट बसवलेला होता. कॉम्प्रेसर, मोटारी, पाण्याचे पाइप असा सगळा बारदाना. यंत्रानं वीज खायची, तिची उष्णता करायची आणि ती उष्णता बाहेर फेकायला आम्ही पुन्हा वीज जाळायची. खापरखेड्याच्या माझ्या जुन्या सोबत्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

मे महिन्यात बाहेर डांबर वितळत असायचं आणि आत आमचे प्रोग्रॅमर स्वेटर घालून बसलेले असायचे. नागपुरात मे महिन्यात स्वेटर विणणारी एकच बाई मला माहीत आहे, ती आमच्या हेड ऑपरेटरची बायको. एक वरिष्ठ अधिकारी तर दर दुपारी दोन वाजता ‘इन्स्पेक्शन’ला यायचे. खुर्चीत बसून यंत्राकडे डोळे मिटून बारकाईनं पाहायचे आणि चार वाजता समाधानानं उठायचे. पावसाळा लागला की त्यांचं इन्स्पेक्शन थांबायचं.

प्लांटवर माझ्या हाताखाली दादाराव होता. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान, शहरातल्याच इंदोऱ्याहून सायकलनं यायचा. मोठ्या यंत्राला तो ‘जावई’ म्हणायचा. “जावयाले आज गरम होऊन राहिलं जी,” असं म्हणत तो वाल्व्ह फिरवायचा. प्लांट असा ओळखीचा की मोटारीचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग कुरकुरतंय ते सांगायचा. दर तासाला तो नोंदवहीत लिहायचा: खोलीचं तापमान, हवेतला ओलावा, कॉम्प्रेसरचा दाब, प्लांटच्या मीटरचा आकडा. अक्षर मोत्यासारखं. त्या वह्या माझ्याशिवाय कोणी उघडत नसे, आणि खरं सांगायचं तर मीही सगळ्या उघडत नसे.

दादाराव टेम्पररी होता. आमच्या खात्यात टेम्पररी माणसाला एकोणनव्वद दिवसांची ऑर्डर मिळायची. नव्वदाव्या दिवशी खंड, मग पुन्हा एकोणनव्वद दिवस. नव्वद भरले तर त्याला कायम करावं लागेल, ही भीती. त्या खंडाच्या दिवशी दादाराव कागदोपत्री केंद्रात नसायचा. प्लांट मात्र चालू असायचा, कारण दादाराव येऊन बसलेला असायचा. अशी अकरा वर्षं गेली. दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर जायचा, तेवढी एक सुटी तो कोणाला न विचारता घ्यायचा.

आम्हा दोघांच्या शहाणपणाचा एक नमुना सांगतो. एका मे महिन्यात प्लांटचा कॉम्प्रेसर बसला. सुटा भाग मुंबईहून यायचा होता, आणि इकडे निकालाचं काम ऐन भरात. नागपूरच्या माणसाला उन्हाळ्यात एकच उपाय सुचतो, कूलर. पत्र्याचा डबा, तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, वरून टिपटिपणारं पाणी आणि मध्ये पंखा. दादारावानं कुठून तरी दोन दांडगे कूलर आणले आणि आम्ही ते यंत्राच्या खोलीच्या दाराशी लावले. काय थंड वारा! काय वाळ्याचा सुगंध! तापमान उतरलं, यंत्र सुरू झालं, डायरेक्टर साहेबांनी माझी पाठ थोपटली. साहेब मूळचे पुण्याचे. कूलर म्हणजे काय हे त्यांना नीट माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं, आणि तरी आमच्या डोक्यात आलं नाही की कूलरची हवा गार असते ती ओली असते म्हणून.

त्या काळी माहिती यंत्रात घालायची ती जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून. दोन तासांत त्या कार्डांनी हवेतलं पाणी पिऊन घेतलं आणि ती फुगली. कार्ड वाचणारं यंत्र त्यांचे लचके तोडू लागलं. दादाराव म्हणाला, “घाबरू नका जी, गच्चीवर वाळू घालू.” आम्ही हजारो कार्डं कुरडयांसारखी गच्चीवर पसरली. वाळली, छान वाळली, आणि प्रत्येक कार्ड कौलासारखं वाकलं. भोकं पाडणाऱ्या मुलींनी ती सगळी पुन्हा पाडली, आणि पुढचा महिनाभर आम्हाला पाहिलं की त्या मोठ्यानं श्वास घेऊन “वाळ्याचा वास येतो का वं?” असं एकमेकींना विचारायच्या. साहेबांनी मुख्यालयाला लिहिलं की नागपूरच्या हवेत यंत्रासाठी दुसरा राखीव प्लांट हवा. त्या प्लांटबरोबर ऑपरेटरची एक कायम जागा यायची होती. ती जागा कोणाची, हे साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या गाढवपणानं दादारावाच्या नोकरीची वाट उघडली, अशी आमची समजूत होती.

मुख्यालयाचं उत्तर यायला सवयीप्रमाणे काही वर्षं लागली. तेवढ्यात सुलभा देशकर आली.

सुलभा प्रोग्रॅमर. मोपेडवर भरधाव यायची, भरधाव बोलायची. प्रशिक्षणाच्या शिल्लक निधीतून तिनं एक छोटा संगणक मागवून घेतला होता. पाटाएवढी पेटी, वर छोट्या टीव्हीसारखा पडदा. तिनं तो यंत्राच्या थंड खोलीत न ठेवता आपल्या टेबलावर, साध्या खोलीत, छताच्या पंख्याखाली ठेवला. मी बघायला गेलो आणि पेटीची मागची पट्टी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली.

“वानखडेजी, चुकीचं छापलेलं नाही ते,” ती म्हणाली. “एवढीच वीज लागते त्याला. दोन-तीन दिव्यांची.”

“आणि प्रोसेसर कुठे आहे याचा?”

तिनं पेटी उघडली. विंचवाला असतात तसे दोन्ही बाजूंना पाय असलेली एक काळी चिप दाखवली. बोटाच्या दोन पेरांएवढी. “हात लावून बघा.”

“चालू आहे ना?”

“चालू आहे, मातीची पत्रकं करतंय. लावा हात.”

मी लावला. कोमट होती, तापही म्हणता येणार नाही इतकी. ज्यानं तेरा वर्षं प्रोसेसरची उष्णता उपसली त्या माणसाला हे काय वाटलं असेल, ते कसं सांगू? पाणक्याला कोणी नळ दाखवावा तसं झालं मला.

सुलभानं समजावून सांगितलं ते असं. मोठ्या यंत्रातल्या चिपा वेगासाठी बनवलेल्या. त्यांत वीज सतत वाहती ठेवलेली असते, काम असो वा नसो, म्हणजे हुकूम आला की क्षणात उत्तर. ह्या छोट्या चिपेत ‘हो’चं ‘नाही’ किंवा ‘नाही’चं ‘हो’ करायचं असेल त्या क्षणापुरतीच वीज लागते. बाकी वेळ ती जवळजवळ उपाशी.

डायरेक्टर साहेबांना हे मुळीच आवडलं नाही. मोठं यंत्र होतं म्हणून ते डायरेक्टर होते. टेबलावरच्या पेट्यांवर देखरेख करायला कोणी डायरेक्टर नेमत नाही, हे त्यांना आमच्याआधी कळलं. “अहो, पण वेळ किती घेतं ते?” ते म्हणाले. “आपलं यंत्र जे सकाळभरात करतं त्याला ह्याला आठवडा लागेल. कमी खातं, पण आठवडाभर खातं!”

थट्टेत बोलले, पण मुद्दा खरा होता. विजेचा हिशोब नुसत्या भुकेवर होत नाही, किती वेळ खाल्लं तेही धरावं लागतं. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला काय आणि हजार वॅटची शेगडी एक तास तापली काय, युनिट एकच पडतं. दांडगा माणूस पटकन काम उरकून घरी गेला आणि काटकुळा दिवसभर खात खात तेच काम करत बसला, तर भाकरी कोणी कमी खाल्ल्या हे मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही.

नेमकं तेच मुख्यालयानं विचारलं. पत्र आलं: नागपूर केंद्रास दुसरा प्लांट मंजूर करावा की त्याऐवजी छोटे संगणक द्यावेत, हे ठरवायचे आहे, तरी एकच काम दोन्ही संगणकांवर करून लागलेल्या विजेची मोजणी पाठवावी. मोजणी करणारा मी. मोठं यंत्र जिंकलं तर दुसरा प्लांट येणार आणि दादाराव कायम होणार. हरलं तर पहिलाही प्लांट जाणार.

मी स्टोअरमधून घरगुती वापराचे मीटर आणले, ज्यात ॲल्युमिनियमची चकती फिरते ते. सुलभाच्या टेबलाला एक लागला. मोठ्या यंत्राची भूक एका मीटरला झेपणारी नव्हती, त्याच्या तीन तारांना तीन लावले. काम निवडलं शिष्यवृत्ती परीक्षेच्या निकालाचं. मोठ्या यंत्रानं ते जेवणाच्या सुटीआधी संपवलं. चकत्या अशा फिरत होत्या की पाहताना डोळे दुखावेत. छोटं मात्र सोमवारी बसलं ते शनिवारी उठलं. त्याच्या मीटरची चकती इतकी सावकाश फिरायची की तिच्यावरची काळी खूण समोर यायची वाट बघत आम्ही चहा पिऊन यायचो. दादाराव रोज सकाळी सुलभाला विचारायचा, “मॅडम, झालं का तुमच्या लेकराचं? का अजून पाढेच म्हणून राहिलं?”

शनिवारी दुपारी सगळ्यांसमोर आकडे वाचले. मोठं यंत्र जिंकलं. थोडक्यात जिंकलं, दोन युनिटांनी, पण जिंकलं. डायरेक्टर साहेबांनी खिशातून पैसे काढून संत्रा बर्फी मागवली. हे मी त्यांच्या कारकिर्दीत एकदाच पाहिलं. सुलभा ओठ चावत आकडे पुन्हा पुन्हा तपासत होती. बेरीज बरोबर होती.

दादाराव बर्फीचा तुकडा हातात घेऊन दारात उभा होता. जिंकलेल्या माणसाला सुचते तशी थट्टा त्याला सुचली. “मॅडम, तुमचा पंखा मोजला का? लेकराच्या डोक्यावर सहा दिवस फिरून राहिला तो!”

“पंखा माझ्यासाठी आहे, दादाराव,” सुलभा म्हणाली. “ह्याला पंख्याची गरज नाही. हे बघा.” तिनं पंख्याचं बटण बंद केलं. आम्ही सगळे घामाघूम झालो, पडद्यावरची अक्षरं होती तशीच राहिली. “यंत्राला जे लागतं तेवढंच मोजायचं ना?”

“हो ना जी, यंत्राले लागते तेवढंच,” दादाराव हसत म्हणाला, आणि मग त्याचं हसू हळूहळू थांबलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी बर्फीच्या डब्याकडे पाहिलं.

मोठ्या यंत्राचे मीटर मी लावले होते ते यंत्राच्या खोलीतल्या पॅनेलवर. थंड हवेचा प्लांट मागच्या शेडमध्ये, त्याची लाइन वेगळी, त्याचा मीटर वेगळा. तो मी धरला नव्हता. सुलभा यंत्राच्या आतली जाणकार. बाहेरच्या तारा कुठून कुठे जातात हे तिला ठाऊक नव्हतं. खोलीतलं सगळं त्या तीन मीटरांत आलं असं ती समजत होती. साहेबांना तर पॅनेल म्हणजे निवड समितीचं एवढंच माहीत. प्लांटचा मीटर राहिलाय हे केंद्रात फक्त दोघांना माहीत होतं. आणि माझ्या नजरेतून चुकून सुटला, असं मी इथे लिहिलं तर ते खोटं होईल. मीटर जोडताना सोमवारीच माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसलो होतो, दादारावासाठी.

मी शेडमध्ये गेलो. तो स्टुलावर बसला होता.

“दादाराव,” मी म्हणालो, “प्लांटचा मीटर धरला नाही आपण.”

“मालूम हाय जी.”

“धरला तं जावई हरते.”

“हरते ना. भल्ला हरते. आपला प्लांट का कमी खाते का?”

“अन् हरला तं दुसरा प्लांट येत नाही. तुझी पोस्ट…”

“हे मले काहून सांगून राहिले जी तुम्ही? मले नाही का मालूम?”

“मंग तूच सांग गा. धरू का नको?”

तो उठला. दाबाचा काटा पाहिला, एक वाल्व्ह उगाच थोडा आवळला, थोडा सैल केला. तास भरला होता, वही काढून नोंद लिहिली. मी उभाच. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाला, “अकरा वर्षं झाली, दर तासाले लिहून राहिलो मी. ते धरलंच नाही तं मी इथं काय करत होतो म्हणा? धरा जी. ह्या वहीत आठवडाभराचे सगळे आकडे हाय, घेऊन जा.”

मी ती वही घेऊन सुलभाकडे गेलो. तिनं आकडे पाहिले आणि कपाळाला हात लावला. मग आम्ही दोघांनी मिळून खरा हिशोब मांडला. प्लांट धरल्यावर मोठ्या यंत्राची युनिटं जवळजवळ दुप्पट झाली. पण मला धक्का बसला तो पुढच्या गोष्टीचा. निकालाच्या कामात यंत्र निदान राबत तरी होतं. दादारावाच्या वह्या मागे मागे चाळत, सुलभाकडच्या कामांच्या नोंदींशी ताडत गेलो तेव्हा दिसलं की बहुतेक दिवस ते रिकामं बसलेलं असे. कोणी काम आणून देईल म्हणून वाट बघत, पूर्ण वीज खात, आणि प्लांट त्याला रात्रंदिवस वारा घालत. भरपूर काम असेल तर दांडगा माणूस परवडतो. पण आमच्याकडे कामं होती पत्रकांची आणि याद्यांची. त्यासाठी आम्ही पैलवान पोसला होता.

अहवालाखाली मी सही केली, आणि ‘मोजणी करणार’ असं लिहून दादारावाचं पूर्ण नाव घातलं. टेम्पररी माणसाचं नाव अहवालावर घालता येत नाही, असं हेडक्लार्क म्हणाले. मी म्हणालो, मग आकडेही काढून टाका. साहेब भले माणूस. त्यांनी तो वाचून तसाच पाठवला. बर्फी आधीच संपली होती.

मुख्यालयानं या वेळी मात्र उत्तराला वेळ लावला नाही. चार छोटे संगणक आले. मोठं यंत्र भंगारवाल्यानं तीन हातगाड्यांवर नेलं. साहेबांची बदली झाली, तीही वरच्या जागेवर, त्यामुळे त्यांची काळजी करण्याचं कारण उरलं नाही. मी कायम होतो, मला इमारतीच्या वायरिंगवर टाकलं. दादारावाचे एकोणनव्वद दिवस संपले आणि नवी ऑर्डर आली नाही. सुलभानं त्याच्यासाठी मुंबईपर्यंत पत्रं लिहिली, एकदा स्वतःच्या खर्चानं जाऊन आली. त्याच्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट नाही, असं तिला सांगण्यात आलं.

त्यानंतर मी ही गोष्ट खूप जणांना सांगितली. नव्या पोरांना, लग्नाच्या पंगतीत, युनियनच्या सभेत. आपली भाकर जात असताना ‘मोजा’ म्हणणारा माणूस मी पाहिलाय, असं रंगवून सांगायचो. ऐकणारे म्हणायचे, वानखडेजी, तुम्हीही काही कमी नाही. मी मानेनंच नाही नाही म्हणायचो.

दोन वर्षांनी दादाराव कळमन्याकडे एका शीतगृहात लागल्याचं कळलं म्हणून भेटायला गेलो. मिरच्यांचं शीतगृह. आत पाऊल टाकल्याबरोबर मला सात-आठ शिंका आल्या आणि तो पोटभर हसला. अंगानं वाळला होता. पगार केंद्राच्या निम्मा, आणि इथेही कायम नव्हता. पण गप्पांची तऱ्हा तीच.

“इथं बरं हाय जी,” तो म्हणाला. “मिरची नखरे नाही करत. स्वेटर घातलेले लोकं नाही, इन्स्पेक्शनवाले साहेब नाही. साहेब आला तं शिंकतच परत जाते.”

चहा झाला. मी म्हणालो, “दादाराव, तुझी गोष्ट मी सगळ्यायले सांगतो बरं का.”

“कोणती जी?”

“तू ‘धरा’ म्हणाला ते.”

त्यानं कप खाली ठेवला. “त्याचाच राग आला होता मले,” तो म्हणाला.

“मोजलं म्हणून?”

“मोजाचंच होतं ते. खोटं कसं लिहान? पण मले काहून इचारलं जी तुम्ही? न इचारता लिहून टाकलं असतं, तं मी घरी जाऊन तुमच्या नावानं चार शिव्या देल्या असत्या अन् मोकळा झालो असतो. आता बायको मलेच इचारते, काहून धरा म्हटलं म्हणून. पोरगी इचारते. तिले काय सांगू मी?” त्याचा आवाज चढला नव्हता. थट्टा करताना बोलायचा तसाच बोलत होता. “एक सांगा जी. तुमची सोताची पोस्ट असती, तं तुम्ही कोणाले इचारलं असतं?”

मी शिंक आल्यासारखा रुमाल नाकाला लावला. कोणालाच नाही, दादाराव. मी कोणालाच विचारलं नसतं, मीटर न धरता अहवाल पाठवून दिला असता. हे तुझ्यासमोर बसून म्हणायची हिंमत त्या दिवशी झाली नाही, म्हणून इथे लिहितो.